नाशिकला पहिल्यांदा येताय? गंगेवर जाण्यापूर्वी हे वाचा

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला "गोदावरीवर सोडा" असे सांगितले, तर तो क्षणभर तुमच्याकडे बघतो आणि विचारतो, "गंगेवर का?" येथे नदीचे कागदोपत्री नाव गोदावरी असले, तरी रोजच्या बोलण्यात ती गंगाच आहे. भाजी गंगेवर मिळते, दहावा गंगेवर होतो आणि पाहुण्यांना फिरायलाही गंगेवरच नेतात. त्यामुळे पत्ता विचारताना "गंगेवर", "गंगाघाट" किंवा थेट "रामकुंड" (घाटावरचे मुख्य कुंड) म्हणावे. अर्धा गोंधळ तेथेच संपतो.

मी मूळचा बार्शीकडचा. २०१४ मध्ये वडिलांच्या अस्थी घेऊन पहिल्यांदा येथे आलो, तेव्हा मला यातले काहीच ठाऊक नव्हते. पुढे नोकरीने नाशिकलाच आणून सोडले आणि तेव्हापासून दरवर्षी नात्यातली, ओळखीची किमान चार-पाच कुटुंबे माझ्याकडे उतरून नाशिक बघून जातात. त्यांना तोंडी सांगून सांगून जे पाठ झाले आहे, तेच येथे क्रमाने लिहीत आहे.

१. आधी ठरवा: विधी करायचा आहे की गाव बघायचे आहे

सर्वांत जास्त घोळ येथे होतो. एकाच सकाळी आजीचे पिंडदान उरकायचे, मुलांना सीतागुंफा दाखवायची, दुपारी त्र्यंबकेश्वर करायचे आणि संध्याकाळी परतीची गाडी पकडायची, असा बेत आखून आलेले लोक मी दरवर्षी पाहतो. यातले काहीच धड होत नाही. विधीला किती वेळ लागेल हे तुमच्या हातात नसते. गुरुजी आधीच्या यजमानांत अडकलेले असतात, न्हावी मिळायला वेळ लागतो, पिंडाला कावळा शिवायला वेळ लागतो. विधी असेल, तर ती संपूर्ण सकाळ त्यालाच द्यावी आणि फिरणे दुसऱ्या दिवशी ठेवावे. केवळ दर्शन व फिरणे असेल, तर नाशिकसाठी एक पूर्ण दिवस आणि त्र्यंबकेश्वरसाठी दुसरा दिवस, असा दोन दिवसांचा हिशेब धरावा.

२. केव्हा यावे, केव्हा टाळावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा आहे. मात्र नाशिकची थंडी पुण्या-मुंबईकरांच्या अंदाजापेक्षा कडक असते, तेव्हा स्वेटर आणि कानटोपी सोबत असू द्यावी. जानेवारीनंतर द्राक्षे बाजारात येतात, हा त्यातला वरचा फायदा. एप्रिल-मेमध्ये दुपारी घाटाचे दगड अनवाणी पायाला सोसत नाहीत आणि पाण्याचाही भरवसा नसतो. २०१६ च्या उन्हाळ्यात तर रामकुंड चक्क कोरडे पडले होते. पितृपक्ष, अमावास्या आणि श्रावणातले सोमवार हे दिवस ज्यांना त्या तिथीचेच काम आहे त्यांनी निवडावेत. इतरांनी ते टाळावेत.

रामनवमीनंतर दोनच दिवसांनी, चैत्र शुद्ध एकादशीला, काळाराम मंदिराच्या रामरथाची आणि गरुडरथाची मिरवणूक निघते. ती बघण्याजोगी आहे. पण त्या दिवशी पंचवटीत, म्हणजे रामकुंडाच्या बाजूच्या जुन्या वस्तीत, वाहन नेण्याचा विचारसुद्धा करू नये.

गुरू सिंह राशीत येतो तेव्हा, म्हणजे साधारण बारा वर्षांनी, येथे सिंहस्थ कुंभमेळा भरतो. यापूर्वीचा २०१५ मध्ये झाला. जाहीर वेळापत्रकाप्रमाणे या वेळच्या सिंहस्थाचे ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी आहे आणि अमृतस्नाने, म्हणजे साधूंची मुख्य स्नाने, २०२७ मध्ये आहेत. २ ऑगस्ट आणि ३१ ऑगस्ट हे दोन दिवस नाशिक-त्र्यंबकला समान आहेत. तिसरे स्नान नाशिकला ११ सप्टेंबरला, तर त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबरला आहे. वैष्णव आखाडे रामकुंडात आणि शैव आखाडे त्र्यंबकच्या कुशावर्त कुंडात स्नान करतात. साधूंची मिरवणूक बघण्याची हौस असली, तरी लहान मुले व वृद्धांना घेऊन या तारखांना येऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन तीसहून अधिक भाविक दगावले. त्यानंतर व्यवस्था पुष्कळ सुधारली. तरी जुन्या पंचवटीतल्या गल्ल्या काही रुंद झालेल्या नाहीत.

३. सोबत काय घ्यावे

फिरायला येणाऱ्यांसाठी:

- आधार कार्ड किंवा दुसरे ओळखपत्र, प्रत्येकाचे. धर्मशाळेत आणि भक्तनिवासात त्याशिवाय खोली देत नाहीत.
- सहज काढता-घालता येणारी चप्पल. बुटांच्या नाड्या दर देवळापुढे सोडत बसलात, तर दुपारपर्यंत वैताग येतो.
- सुटे पैसे. दहा-वीसच्या नोटा जितक्या जास्त, तितके बरे.
- स्नान करायचे असेल, तर जुने जाडसर कपडे, पंचा, कोरड्या कपड्यांचा जोड आणि ओल्यासाठी प्लॅस्टिकची पिशवी.

विधीसाठी येणाऱ्यांनी यात भर घालावी:

- अस्थी असतील, तर मृत्यूचा दाखला किंवा स्मशानभूमीची पावती, निदान तिची छायाप्रत.
- गोत्र, तसेच वडील, आजोबा, पणजोबा आणि आई, आजी, पणजी यांची नावे एका कागदावर लिहून. ऐन संकल्पाच्या वेळी पणजीचे नाव आठवत नाही म्हणून गावी फोन लावणारे यजमान रोज दिसतात. मीही त्यांतलाच एक होतो.
- विधी करणाऱ्या पुरुषासाठी धोतर किंवा सोवळे.

पूजेचे साहित्य गावाहून आणू नये. पिंडाचे पीठ, तीळ, दर्भ, फुले, द्रोण हे सर्व घाटावर मिळते आणि बहुतेक वेळा गुरुजींच्याच हिशेबात धरलेले असते.

४. पोहोचणे आणि उतरणे

रेल्वेने येणाऱ्यांनी एवढे पक्के लक्षात ठेवावे की, स्थानकाचे नाव नाशिकरोड आहे आणि तेथून पंचवटी सुमारे दहा किलोमीटर आहे. "स्टेशनजवळ हॉटेल" म्हणून आरक्षण केले, तर पहाटेच्या स्नानासाठी रोज तेवढे अंतर तुडवावे लागते. दुसरा गैरसमज पंचवटी एक्सप्रेसचा. नाव पाहून मुंबईकरांना वाटते की, हीच आपली गाडी. ती प्रत्यक्षात नाशिककरांना सकाळी मुंबईला नेऊन रात्री परत आणण्यासाठी आहे. ती नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास निघते आणि मुंबईहून संध्याकाळी सुटून रात्री नऊनंतर नाशिकरोडला येते. मुंबईहून सकाळी यायचे असेल, तर तपोवन एक्सप्रेससारखी पहाटेची गाडी पाहावी. पुण्याहून सुमारे दोनशे दहा किलोमीटर आहे आणि एसटीच सोयीची पडते.

एसटीने येणाऱ्यांनी चढतानाच विचारावे की, बस कोठे थांबणार आहे. ठक्कर बाजार, जुने सीबीएस, मुंबई नाक्याचे महामार्ग बसस्थानक आणि पंचवटीतले निमाणी अशी वेगवेगळी ठिकाणे आहेत. निमाणीला उतरलात, तर रामकुंड चालत गाठता येते. नाशिकरोडहून सिटीलिंकच्या शहर बसही निमाणीला येतात आणि सामान कमी असेल, तर त्याच उत्तम. रिक्षात बसण्यापूर्वी भाडे ठरवावे आणि ते सर्व माणसांचे मिळून की माणशी, हेही तेव्हाच विचारून घ्यावे.

मुक्कामासाठी पंचवटी कारंजा ते मालेगाव स्टँड हा पट्टा मी सुचवतो. खोल्या साध्याच असतात, रस्त्याचा आवाजही असतो, पण पहाटे पाच वाजता उठून पाच-दहा मिनिटांत घाटावर पोहोचता येते. ज्यांना शांत, चकाचक हॉटेल हवे, त्यांनी कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडला उतरावे आणि सकाळच्या रिक्षाची सोय आदल्या रात्रीच करावी.

५. पहाटेचे रामकुंड

उजाडण्याच्या सुमारास या. आठनंतर येथे दिसतो तो बाजार. सहाच्या आधी मात्र पाण्यावर धुके असते, कपालेश्वराच्या पायऱ्यांवर एखादी म्हातारी वाती वळत बसलेली असते आणि कुठेतरी पहिल्या संकल्पाचा सूर लागलेला असतो.

रामकुंड म्हणजे नदीच्याच पात्रात बांधून काढलेले कुंड. नदी त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीहून निघून गावात येते आणि येथे दक्षिणेकडे वळते, म्हणून या जागेचे महत्त्व मानतात. रामाने दशरथाचे श्राद्ध येथेच केले अशी श्रद्धा आहे, त्यामुळे अस्थिविसर्जनासाठी लांबलांबचे लोक येतात. महात्मा गांधींच्या अस्थीही येथे विसर्जित झाल्या. शेजारच्या कुंडाला गांधी तलाव म्हणतात.

स्नान करणार असाल, तर पायरीवर उभे राहून आधी खालची पायरी पायाने चाचपून पाहावी. शेवाळामुळे पाय सटकतो आणि इथले सर्वांत जास्त अपघात पोहता न येण्यामुळे नव्हे, तर असे घसरून होतात. मुलांचा हात सोडू नये. स्त्रियांना कपडे बदलण्याची सोय काठावर कोठे आहे, हे आधी विचारून घ्यावे. दागिने व मोबाइल काठावरच्या घडीत ठेवून सर्वांनी एकदम पाण्यात उतरू नये. एकाने वर बसावे. पाणी तोंडात घेऊ नये. श्रद्धा कितीही असली, तरी शहरातून वाहणाऱ्या नदीचे पाणी ते शहरातून वाहणाऱ्या नदीचेच असते. आचमनासाठी मी घरून छोटी बाटली नेतो आणि आजवर कोणत्याही गुरुजींनी त्याला हरकत घेतलेली नाही.

छायाचित्रांबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. रामकुंडावर तुमच्या उजव्या हाताला नवविवाहित जोडपे गंगापूजन करीत असते, तर डाव्या हाताला मुंडन केलेला मुलगा आईच्या अस्थी हातात घेऊन उभा असतो. दोघांमध्ये अंतर चार हातांचे. मी त्या मुलाच्या जागी उभा होतो, तेव्हा समोरच्या पायरीवरून कोणीतरी मोबाइल उंचावून चित्रण करीत होते. बारा वर्षे होत आली, त्या माणसाच्या अंगातला पिवळा शर्ट मला अजून आठवतो. नदीचे, दिव्यांचे, देवळांच्या कळसांचे फोटो खुशाल काढावेत. पांढऱ्या कपड्यांत बसलेल्या, डोके भादरलेल्या माणसांकडे कॅमेरा वळवू नये.

संध्याकाळी घाटावर गोदाआरती होते. त्यासाठी सूर्यास्तापूर्वी अर्धा तास येऊन पायरीवर जागा धरावी. द्रोणातला दिवा सोडणार असाल, तर तो पानाचाच घ्यावा. थर्माकोलचा किंवा प्लॅस्टिकचा घेऊ नये.

६. विधी करायचा असेल तर

घाटावर पाय ठेवताच "कोणतं गाव? आडनाव काय?" असा प्रश्न येतो. पहिल्यांदा येणारा दचकतो आणि एजंट समजून तोंड फिरवतो. वास्तविक हा प्रश्न फार जुन्या व्यवस्थेतला आहे. येथील तीर्थोपाध्यायांच्या घराण्यांकडे गावे व घराणी वाटलेली आहेत आणि ज्याच्याकडे तुमचे गाव, त्याच्याकडे तुमच्या पूर्वजांची नोंद असण्याची शक्यता असते. आपले मूळ गाव, जुना तालुका आणि जिल्हा सांगून "आमच्या गावाचे उपाध्ये कोण?" असे दोन-तीन ठिकाणी विचारावे. उत्तर एकच आले, की तो माणूस बरोबर आहे असे समजावे.

वही बघण्याचा आग्रह मात्र धरावा. आमच्या उपाध्यायांनी लाल कापडात गुंडाळलेली एक लांबट, जाड वही काढली, बोटाला थुंकी न लावता दोन बोटांच्या चिमटीत पाने उलटली आणि एका पानावर थांबून ती माझ्यापुढे केली. जुन्या नोंदी मोडीत होत्या, त्या मला वाचता आल्या नाहीत. त्यांच्याखाली मात्र निळ्या शाईत, बाळबोध वळणात, आजोबांची सही होती. 'र' ला उगाच शेपटी काढायची त्यांची लकब मी लहानपणी त्यांच्या रेशनकार्डावर पाहिलेली होती. आजोबा कधी नाशिकला येऊन गेले, हे आमच्या घरात कोणालाही ठाऊक नव्हते. त्या सहीखाली वडिलांचे नाव लिहिताना माझ्याकडून अक्षर बिघडले. तुम्हीही नोंद करताना सुवाच्य लिहावे, पूर्ण नाव, मुलांची नावे आणि हयात भावंडे लिहावीत. पुढच्या पिढीला तेवढाच धागा असतो.

आता व्यवहाराचे. दक्षिणा विधी सुरू होण्यापूर्वी ठरवावी आणि तीत साहित्य, न्हाव्याचे पैसे, ब्राह्मणभोजन यांपैकी काय धरलेले आहे हे एकेक करून विचारावे. "श्रद्धेने द्या, नंतर बघू" या उत्तरावर समाधान मानू नये. संकल्पाचे पाणी हातात असताना गाईचे दान, सोन्याचे दान, अमुक जणांचे भोजन असे आकडे पुढे येऊ लागतात आणि त्या क्षणी कोणाच्याच तोंडून नाही निघत नाही. माझ्याकडून पहिल्या वेळी ठरल्यापेक्षा दुपटीहून अधिक खर्च झाला. दोष अर्धा माझाच होता, कारण मी काही विचारलेच नव्हते. ज्यांनी माझ्या चुलत्यांचा विधी नंतर केला, त्या गुरुजींनी मात्र कागदावर यादी लिहून दिली आणि वर एक रुपयाही घेतला नाही. माणसे दोन्ही प्रकारची आहेत.

रिक्षावाल्याने किंवा हॉटेलवाल्याने "आमच्या ओळखीचे गुरुजी" सुचवल्यास नम्रपणे नाही म्हणावे.

७. पंचवटीची पायी फेरी

ही फेरी पायीच करावी. "नाशिक दर्शन" म्हणून तीन तासांत दहा ठिकाणे दाखवणाऱ्या रिक्षांत बसलात, तर मंदिरांच्या नावांपलीकडे काही लक्षात राहत नाही. त्या दहांपैकी निम्मी ठिकाणे एकमेकांपासून चालत पाच-सात मिनिटांवर असतात, ही गंमत वेगळीच.

कुंडावरून पायऱ्या चढून कपालेश्वर गाठावे. हे शंकराचे देऊळ असूनही समोर नंदी नाही. ब्रह्महत्येच्या पापातून सुटण्यासाठी रामकुंडात स्नान करावे, हा मार्ग नंदीने दाखवला म्हणून शंकराने त्याला गुरू मानले आणि गुरूला समोर बसवायचे कसे, अशी कथा सांगतात. मुलांना ही कथा देवळात जाण्यापूर्वी सांगावी, म्हणजे ती आत जाऊन स्वतः नंदी शोधतात.

तेथून चालत काळाराम मंदिर. सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेले हे काळ्या दगडाचे देऊळ आहे आणि दगड रामशेजच्या खाणीतला आहे. राम, सीता, लक्ष्मण यांच्या मूर्तीही काळ्या. दर्शन घेऊन लगेच बाहेर पडू नये. प्राकाराच्या ओवऱ्यांत सावलीला पंधरा मिनिटे बसावे आणि कळसाकडे सकाळचे ऊन कसे उतरते ते पाहावे. आणखी एक गोष्ट येथे उभे राहून आठवली पाहिजे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्या समाजाने याच देवळाच्या दारात प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू केला. तो सुमारे पाच वर्षे चालला आणि दरवाजे उघडले गेले नाहीत. ऑक्टोबर १९३५ मध्ये याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी "हिंदू म्हणून मरणार नाही" अशी घोषणा केली. रिक्षावाले गाइड हे सांगत नाहीत. मी पाहुण्यांना दारातच सांगतो.

सीतागुंफा आणि तिच्याजवळचे वड काळारामापासून जवळच आहेत. पाच वडांवरून पंचवटी हे नाव पडले असे सांगतात आणि झाडांना क्रमांकही घातलेले आहेत. गुंफेची वाट अतिशय अरुंद व बुटकी आहे. काही ठिकाणी बसून सरकावे लागते. दमा, गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असलेल्यांनी बाहेरूनच नमस्कार करावा. रांगेत पुढे-मागे माणसे असल्यामुळे मधूनच परत फिरता येत नाही. माझ्या आत्याबाईंना हे आत गेल्यावर कळले आणि त्यांचा जप इतक्या मोठ्याने सुरू झाला की, मागची सगळी रांग तो म्हणू लागली.

परतताना नदीकाठी नारोशंकराचे देऊळ पाहावे. १७४७ मध्ये बांधलेल्या या मंदिराच्या भिंतीवरची घंटा पोर्तुगीज आहे आणि ती वसईच्या मोहिमेतल्या विजयाची खूण म्हणून सांगितली जाते. फार मोठ्या आवाजात बोलणाऱ्याला "नारोशंकराची घंटा" म्हणतात, ती हीच.

८. पाण्याचा अंदाज आणि पटांगणातली गाडी

घाटावर दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती पात्रातच उभी आहे. नाशिककरांचे पुराचे माप हेच. वर्तमानपत्रात क्युसेकचे आकडे येतात, पण घराघरांतून विचारले जाते ते "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, अशी उत्तरे येतात आणि मारुती बुडाला म्हणजे काठावरची दुकाने केव्हाच रिकामी झालेली असतात.

पुराचे पाणी केवळ गावातल्या पावसाने चढत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की, नाशिकमध्ये ऊन असतानाही पात्र भरू लागते. जून ते सप्टेंबर या काळात यायचे असेल, तर सकाळी धरणाच्या विसर्गाची बातमी पाहावी आणि नदीकाठच्या पटांगणात गाडी उभी करून देवदर्शनाला जाऊ नये. एका ऑगस्टमध्ये मेहुण्यांची गाडी मीच तिथे लावायला सांगितली, कारण जागा मोकळी होती. ती मोकळी का आहे, हा विचार मला सुचला नाही. काळारामाहून परत आलो, तेव्हा चाके अर्धी पाण्यात होती आणि चार अनोळखी पोरांनी ती ढकलून वर काढली. पावसाळ्यात वाहन वरच्या रस्त्यावरच्या वाहनतळात लावावे, चालावे लागले तरी चालेल.

९. पलीकडचे जुने नाशिक

बहुतेक पाहुणे पंचवटी पाहून परततात, ही चूक आहे. रामसेतू पुलावरून पलीकडे उतरावे. तो बंद असेल तर अहिल्यादेवी होळकर पूल आहेच. पुलाजवळ सुंदरनारायणाचे देऊळ आहे. मग सराफ बाजार व भांडी बाजार. भांडी बाजारात दुकानाबाहेर तांब्याच्या घागरी उलट्या रचून ठेवलेल्या असतात आणि आतून ठोक्याचा आवाज येत असतो. तांब्या-पितळेचे भांडे घ्यायचे असेल, तर ते वजनावर घ्यावे, तळ बोटाने वाजवून पाहावा आणि जोड कोठे आहे ते विचारावे. बुधवारी आलात, तर घाटावरचा आठवडे बाजार लागतो.

मिसळ सकाळीच खावी. काळ्या मसाल्याची, पापड व पाव सोबत देतात आणि तर्री वेगळी मागता येते. तिखट झेपत नसेल तर दही घ्यावे. कोठली चांगली, यावर नाशिकमध्ये एकमत होणे अशक्य असल्यामुळे मी नाव लिहीत नाही.

१०. तपोवन आणि पांडवलेणी

तपोवन रामकुंडापासून नदीच्या प्रवाहाच्या दिशेने दोन-तीन किलोमीटरवर आहे. कपिला नदी येथे गोदावरीला मिळते आणि शूर्पणखेचे नाक लक्ष्मणाने येथेच कापले, त्या 'नासिके'वरून गावाचे नाव पडले, अशी कथा आहे. अर्धा तास पुरतो.

पांडवलेणी मात्र घाईत करू नयेत. मुंबई-आग्रा महामार्गालगतच्या त्रिरश्मी डोंगरात ही चोवीस बौद्ध लेणी आहेत. पांडवांशी त्यांचा संबंध नाही. पायऱ्या चढायच्या असल्याने सकाळी किंवा चारनंतर जावे आणि पाणी न्यावे. तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे, ज्यात तिच्या मुलाच्या, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायल्याचे वर्णन आहे. मला स्वतःला दहाव्या लेण्यातला, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख अधिक आवडतो. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिकांच्या संघाकडे) दोन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) दरमहा शेकडा एक दराने आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार पाऊण टक्क्याने ठेवले होते. गोवर्धन हे गाव आजही गंगापूरजवळ नदीकाठी आहे.

११. त्र्यंबकेश्वर वेगळ्या दिवशी

अंतर जेमतेम तीस किलोमीटर असल्याने "जाता जाता करू" असे वाटते. वेळ जातो तो रांगेत. सीबीएस परिसरातून बस मिळतात. शक्यतो मंगळवार ते गुरुवार निवडावा आणि सकाळची पहिली-दुसरी बस पकडावी. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला लाखो लोक येतात; त्या दिवशी केवळ दर्शनासाठी जाऊ नये. देऊळ नानासाहेब पेशव्यांनी बांधायला घेतलेले आहे. येथे शाळुंकेच्या खळग्यात ब्रह्मा, विष्णू, महेश यांची अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत. ती पटकन दिसत नाहीत, म्हणून रांगेत समोर आल्यावर वरच्या आरशाकडे किंवा थेट खळग्याकडे पाहायचे हे आधीच ठरवावे. दोन-चार सेकंदांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. नारायण नागबलीसारख्या विधीला तीन दिवस लागतात, तेव्हा मुक्कामाची तयारी ठेवूनच जावे आणि ताम्रपत्रधारी (पूजेच्या जुन्या हक्काचे ताम्रपत्र असलेल्या) स्थानिक पुरोहितांकडेच नोंदणी करावी. ब्रह्मगिरी चढायचा असेल, तर माकडांपासून पिशवी जपावी. दर्शनानंतर संत निवृत्तिनाथांची समाधी चुकवू नये. तेथे गर्दी कमी असते आणि बसायला मिळते.

१२. परतताना

घरी मावंदे (यात्रेहून परतल्यावरचे भोजन) घालायचे असेल, तर गंगेचे पाणी भरून तोंड झाळून (डाख लावून) बंद केलेले तांब्याचे गडू घाटावर मिळतात. घेताना गडू उलटा करून झाळलेल्या जागी ओल येते का ते पाहावे. आमच्या एका गडूने बार्शीपर्यंतच्या प्रवासात निम्मे पाणी बॅगेत सोडले आणि दोन साड्यांवर हिरवट डाग पडले. गडू कापडात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून उभाच ठेवावा. चिवडा आणि द्राक्षे परतीच्या दिवशीच घ्यावीत. द्राक्षांचे खोके मात्र गाडीत सर्वांत वर ठेवावे.